काकपद

छापखान्यात शब्द गळला की प्रुफावर एक खूण करतात. दोन शब्दांच्या फटीत, कावळ्याच्या पायासारखी. तिला काकपद म्हणतात. जुन्या पोथ्यांतही ती सापडते, कारण नकलून घेणाऱ्याचा डोळा तेव्हाही चुकायचाच. माझ्याकडे १९८२ सालचं एक पिवळं पडलेलं प्रूफ आहे. त्यावर लाल शाईतलं असं एकच काकपद आहे. खूण माझ्या हातची, पण चूक मी पकडलेली नव्हती.

मिरजेत दर्ग्याकडे जाणाऱ्या एका बोळात तो छापखाना होता. दिवसा मी विलिंग्डन कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. करत होतो आणि संध्याकाळी सहा ते नऊ इथे प्रुफं तपासायचो. मेसचं बिल त्यातून भागायचं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, कीर्तनाची हँडबिलं, उरुसाचे फलक, नाताळच्या कार्यक्रमपत्रिका, जे येईल ते आम्ही छापायचो. मालक जैन होते. त्यांचा कुठल्याच मजकुरावर आक्षेप नसायचा, फक्त उधारीवर असायचा.

खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला मामा होते. जन्म वानलेसवाडीतला. वडील मिशन हॉस्पिटलात मलमपट्टीच्या कामाला. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत तो दवाखाना काढला, आणि आसपासची किती घरं त्याच्या आधाराने उभी राहिली याची गणतीच नाही. मामांचं त्यातलंच एक. भिंतीपलीकडे चाचांचं दुकान. सतारी, तंबोरे. छताला पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आणलेले भोपळे टांगलेले, खाली भुश्शात बसून चाचा घोडीवर कानस फिरवत असायचे. जवारी लावायची म्हणजे तार जिथे टेकते तिथला भाग केसभर उतरवायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा केसभर. हे तासन्‌तास चालायचं. चाचांचं बोलणंही तसंच होतं.

दोघांना सगळं गाव मामा आणि चाचा म्हणायचं, म्हणून ते एकमेकांनाही तेच म्हणायचे. एरवी एकमेकांना ‘तुम्ही’. वाद तापला की ‘तू’. वाद एकच होता आणि माझ्या माहितीप्रमाणे मी येण्याआधी वीस वर्षं चालू होता. येशू कोण?

बाहेरच्याला हा वाद विचित्र वाटतो. माझी समजूत होती की मुसलमानांचा येशूशी काही संबंध नाही, ते ख्रिस्त्यांचं खातं. चाचांनी पहिल्याच आठवड्यात माझी समजूत घातली. कुराणात हजरत ईसांचं नाव पंचवीसेक वेळा येतं. त्यांच्या आईच्या नावाची एक आख्खी सूरा, म्हणजे अध्याय, आहे, एकोणिसावी. साऱ्या कुराणात नाव घेऊन उल्लेख असलेली बाई एकच, मरियम. बाप नसताना जन्म, पाळण्यातलं बोलणं, आंधळ्यांना दृष्टी, कुष्ठरोग्यांना बरं करणं, मेलेल्यांना उठवणं, सगळं मान्य. ‘मसीह’ हे बिरुदही मान्य. चिखलाचा पक्षी करून त्यात फुंकर मारली आणि तो उडाला, ही गोष्ट तर मामांच्या बायबलात नाहीच. ती कुराणात आहे, आणि त्याखेरीज चर्चने बाहेर ठेवलेल्या एका जुन्या बाळचरित्रात.

“मग राहिलं काय?” मी विचारलं होतं.

“राहिलं एवढंच,” चाचा म्हणाले, “की तो बंदा आहे. मालक न्हवं.”

“एवढंच राहिलं म्हणे,” मामा खिळे जुळवायच्या स्टिकमधून मान वर न करता म्हणाले. “घर सगळं तुझं, फक्त उंबऱ्याच्या आत येऊ नको.”

आता त्या प्रुफाकडे येतो. डिसेंबरचे दिवस होते. चर्चच्या नाताळच्या पत्रिकेचं काम होतं. वर योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात टाकायची होती. मामांना ती तोंडपाठ, तरी समोर पुस्तक ठेवूनच जुळवत होते, कारण पाठ असलेल्या मजकुरात हमखास चूक होते हा त्यांचाच नियम. गॅली बांधली, शाईचा रोलर फिरवला, ओलसर कागद टाकून प्रूफ काढलं. मी वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासले, एक विरामचिन्ह दुरुस्त केलं, सही केली.

चाचा चहा घेऊन आले होते. त्यांचं शिक्षण मराठी चौथी. ते ओळीवर बोट ठेवून, एकेक अक्षर उच्चारत वाचायचे. त्यांनी प्रूफ उचललं आणि वाचायला लागले. “प्रारंभी शब्द होता, आणि शब्द देवासह होता.” थांबले. बोट पुढे सरकलं, मागे आलं. पुन्हा वाचलं.

“मामा, पुढचं कुठाय?”

“कुठलं पुढचं?”

“‘आणि शब्द देव होता.’ ते कुठं गेलं?”

मामांनी प्रूफ हिसकावून घेतलं. खरंच नव्हतं. ‘देवासह होता’पर्यंत जुळवून त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं असणार, आणि डोळा पुढच्या ‘होता’वर जाऊन बसला. मधली तीन-चार पदं गडप. शेवट सारखा असलेल्या दोन ओळी लागोपाठ आल्या की हे होतं. माझाही डोळा त्याच वाटेने घसरला होता. ज्या वाक्यावर मामांचा धर्म उभा आहे नेमकं तेच वाक्य मामांच्या हातून गळलं. आणि जे वाक्य चाचांना उभ्या आयुष्यात पटलं नाही, त्याचा ठावठिकाणा चाचा विचारत होते.

मामांचा चेहरा उतरला होता. चाचांनी त्यांना सोडलं नाही. “आज तुझ्या खिळ्यांनी कलमा पढला बघ.” मग हसले, आणि माझ्यापुढे लाल पेन सरकवलं. “घाल रे ते परत.”

“तुम्हाला तर ते मान्यच नाही,” मी म्हणालो.

“माझं भांडण त्या वाक्याशी आहे. वाक्यच नसंल तर भांडू कुणाशी?”

मी काकपद काढलं आणि समासात लिहिलं, ‘आणि शब्द देव होता’.

पुढे मी मास्तरकीत गेलो आणि या वादाच्या इतिहासाचं जमेल तसं वाचत राहिलो. मजा अशी, की हा वाद वाचताना जागोजागी छापखानाच दिसतो. १८५४ च्या एप्रिलमध्ये, १० आणि ११ तारखेला, आग्र्याला एक जाहीर वाद झाला. एका बाजूला जर्मन मिशनरी कार्ल फांडर, दुसऱ्या बाजूला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि त्यांच्या मदतीला डॉ. वझीर खान. विषय चांगले ठरलेले होते, त्यात त्रैक्यही होतं. म्हणजे देव एक की तिघांत एक, येशू त्यात बसतो की नाही. पण पहिला मुद्दा होता बायबलच्या मजकुरात फेरफार झाला आहे का हा, आणि दोन्ही दिवस त्यातच गेले. वझीर खानांनी युरोपातल्याच अभ्यासकांची पुस्तकं जमवली होती, आणि निरनिराळ्या हस्तलिखितांत कुठे काय वेगळं आहे ते त्यातून दाखवलं. फांडरना काही ठिकाणी पाठभेद आहेत हे कबूल करावं लागलं. पण मूळ शिकवणुकीला त्याने धक्का लागत नाही, असं ते म्हणाले. समोरच्यांनी कबुली धरली आणि ‘पण’ सोडून दिला. तिसरी बैठक झालीच नाही. म्हणजे येशू कोण हे ठरवायला जमलेले लोक दोन दिवस प्रुफं तपासून घरी गेले.

मी ही गोष्ट एका सुट्टीत मिरजेला जाऊन दोघांना सांगितली. चाचा खूश. “बघ, कबूल केलं ना.” मामांनी शांतपणे बिडी विझवली. “चाचा, त्या दिवशी माझ्याकडून ओळ गळली. तुम्हाला कसं कळलं?”

“मला पाठ होती.”

“म्हणजे एका प्रतीत चुकलं तरी बाकीच्या प्रतींवरनं, माणसांच्या पाठांतरावरनं कळतं. चुका सापडल्या म्हणजे मूळ हरवलं असं नाही. चुका सापडतात, कारण मूळ ताडून बघता येतं.”

मला हे बिनतोड वाटलं. चाचांना नाही. “एक ओळ गळली तर कळंल. पण कुणी मुद्दाम घातली तर?” आणि असं झालेलंही आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे एक आहेत अशी एक ओळ शतकानुशतकं छापली जात होती. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ती नाही. डच विद्वान इरॅस्मसने बायबलच्या १५१६ च्या ग्रीक आवृत्तीत ती घेतली नव्हती. ओरड झाली आणि १५२२ साली घ्यावी लागली. आजची बहुतेक भाषांतरं ती गाळतात किंवा तळटीपेत टाकतात. मामांना हे ठाऊक होतं. “मग काढली ना आम्हीच?” ते म्हणाले. “आमच्याच माणसांनी शोधली, आमच्याच माणसांनी काढली. तुमच्या आग्र्याच्या मौलवींना तरी कुठनं कळलं?”

असंच एकदा चाचांची बाजू लंगडी पडली. कुराणाच्या एकसष्टाव्या सूरेत ईसा म्हणतात की माझ्यानंतर एक प्रेषित येईल, त्याचं नाव अहमद. चाचांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं की योहानाच्या चौदाव्या अध्यायात ज्याचं वचन दिलंय तो हाच. मूळ ग्रीक शब्दाचे स्वर बदलले, नाहीतर त्याचा अर्थ ‘स्तुत्य’ म्हणजे अहमदच होतो. मराठी बायबलात तिथे ‘कैवारी’ आहे. काय शब्द आहे! पण ग्रीक हस्तलिखितांत ते दुसरे स्वर कुठेच मिळत नाहीत, एकाही प्रतीत नाहीत. मी हे सांगितल्यावर चाचा थोडा वेळ कानस फिरवत राहिले. मग म्हणाले, “ठीक आहे. ते काढून टाक. माझ्याकडं दुसरी आहेत.”

दुसरी होतीच. मार्कच्या दहाव्या अध्यायात एकजण येशूला ‘उत्तम गुरुजी’ म्हणतो तेव्हा तो म्हणतो, मला उत्तम का म्हणतोस, एक देवावाचून कोणी उत्तम नाही. तेराव्या अध्यायात म्हणतो, तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही. गेथशेमानेच्या बागेत पालथा पडून प्रार्थना करतो. “पालथा पडून,” चाचा भर देऊन म्हणायचे, “म्हणजे सजदाच की. देव कुणाला सजदा करंल?” मामांची उत्तरं ठरलेली. पक्षाघात झालेल्याला तो म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली, तेव्हा बसलेले शास्त्री मनात म्हणतात, देवाशिवाय कोण क्षमा करणार? अब्राहामाच्या आधी मी आहे, असं तो म्हणतो आणि लोक धोंडे उचलतात. “लोकांना कळलं होतं तो काय म्हणतोय,” मामा म्हणायचे. “धोंडे उगाच उचलत नाहीत.” आणि शेवटी येशूचा शिष्य थोमा. खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा तो थोमा, बघतो आणि म्हणतो, माझा प्रभू, माझा देव. आयुष्यभर शिशाच्या खिळ्यांनी बोटं काळी झालेला माणूस ‘खिळ्यांचे व्रण’ म्हणायचा तेव्हा स्वतःच्या तळव्याकडे बघायचा. मुद्दाम नसेल.

क्रूसावर मात्र ते फार बोलत नसत. कुराण म्हणतं, त्यांनी त्याला मारलंही नाही आणि क्रूसावरही चढवलं नाही, त्यांना तसं भासलं. मामांचं सगळंच त्या लाकडावर टांगलेलं. त्या मुद्द्यावर बोलणं निघालं की दोघांपैकी एकजण चहा सांगायचा.

एकदा मी शहाणपणा केला. वीस वर्षांचा होतो, आणि आपल्याकडच्या घराघरांतून मिळतं ते बाळकडू मलाही मिळालेलं होतं: देव सगळे एकच, नावं वेगळी. मिरजेत हे म्हणणं आणखी सोपं. मिरासाहेबांच्या उरुसाला पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाचा. दर्ग्याच्याच आवारात किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ पासून विसावलेले, त्यांच्या आठवणीत गायला बसणारे निम्मे गवई ब्राह्मण. तेव्हा मी दोघांना म्हणालो, “तुम्ही उगाच भांडता. आमच्यात याला अवतार म्हणतात. देव माणसाच्या रूपात येतो. मिटलं.”

दोघे एकदम माझ्यावर उलटले. वीस वर्षांत पहिल्यांदा एका बाजूला होते.

“अवतार येतो आणि जातो,” मामा म्हणाले. “मासा झाला, कासव झालं, डुक्कर झालं. राम शरयूत गेला. कृष्णाला पारध्याचा बाण लागला. काम झालं, रूप टाकलं. आमचा एकदाच आला. रूप घेऊन न्हाई, कातडी घेऊन. आणि गेला तो त्याच कातडीत, भोकांसकट.”

“आणि आमच्यात,” चाचा म्हणाले, “देव उतरतच न्हाई. किताब उतरते.”

चाचांच्या त्या एका वाक्याने माझा बराच गोंधळ पुढे सुटला. आपण बायबलच्या समोर कुराण ठेवतो, येशूच्या समोर महंमद पैगंबरांना ठेवतो आणि तुलना करतो. पण जोड्या तशा लागतच नाहीत. ख्रिस्ती माणसाच्या लेखी देवाचा शब्द देही झाला, म्हणजे माणूस झाला. मुसलमानाच्या लेखी देवाचा शब्द वाणी झाला, म्हणजे कुराण झालं. येशूच्या समोर ठेवायचं तर कुराण ठेवायला हवं. मग कळतं की चाचा ‘कलिमतुल्लाह’, देवाचा शब्द, असं ईसांना म्हणतात तेव्हा ते योहानाची पहिली ओळ म्हणत नसतात. कुराणाच्या चौथ्या सूरेतच ईसांना देवाचा शब्द आणि त्याच्याकडचा आत्मा म्हटलंय, आणि त्याच आयतीत ‘तीन’ म्हणू नका असंही सांगितलंय. चाचांच्या लेखी अर्थ असा, की देवाने ‘हो’ म्हटलं आणि तो झाला. आदमसारखा. आदमला तर आईही नव्हती.

मामा यावर एकदा बेरकीपणे म्हणाले, “बरं, देवाचा शब्द देवाबरोबर कायमचा असतो की मधेच कधी तयार होतो?” हा प्रश्न जुना आहे. आठव्या शतकात दमास्कसचा योहान नावाच्या ख्रिस्ती पंडिताने हाच फास टाकला होता. शब्द कायमचा आहे म्हणालात तर येशू कायमचा. तयार झाला म्हणालात, तर त्याआधी देव मुका होता का? मामांना दमास्कसचा योहान ठाऊक नव्हता. त्यांनी तो प्रश्न मिरजेत बसून स्वतः काढला होता. त्यांनी समोरच्या चार तारांच्या तंबोऱ्याकडे बोट दाखवलं. “जवारी बसली की न छेडलेला गंधार ऐकू येतो. येतो ना? तो तारेतनंच येतो, तारेबरोबरच असतो, आणि तार न्हवं.”

चाचा क्षणभर गप्प झाले. मला वाटलं, आज मामा जिंकले.

“येतो,” चाचा म्हणाले. “पण पाचव्या तारेचं बिल लावत न्हाई मी गिऱ्हाइकाला.”

‘पुत्र’ या शब्दाने सर्वांत जास्त घोळ घातला. चाचा म्हणायचे, “बायको न्हाई तर मुलगा कसा?” आणि हा त्यांचा फटकळपणा नव्हता, सहाव्या सूरेत नेमका हाच सवाल आहे. मामा कपाळावर हात मारायचे. “आम्ही कधी म्हटलं बायको होती म्हणून?” ३२५ साली नायसियात जमलेल्या धर्मगुरूंनी लिहून ठेवलं, पुत्र जन्मलेला आहे, निर्माण केलेला नाही. कुराण म्हणतं, त्याने कुणाला जन्म दिला नाही आणि तो कुणापासून जन्मला नाही. दोन्हीकडे क्रियापद एकच, आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा. नायसियाच्या त्याच भांडणात पुढे दोन ग्रीक शब्दांमध्ये एका ‘आयोटा’चा फरक उरला: पुत्र पित्याशी एकतत्त्व की सारख्या तत्त्वाचा. वेलांटीएवढं अक्षर. मी वर्गात शुद्धलेखनावर बोलताना ही गोष्ट सांगायचो. पोरं हसायची, आणि पुढच्याच निबंधात वेलांट्या खायची.

मामांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे पंडिता रमाबाई. हिब्रू आणि ग्रीकवरून बाईंनी एकटीने मराठी बायबल केलं, १९२२ साली देह ठेवण्याआधी ते हातावेगळं केलं, आणि केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनीच त्याचे खिळे जुळवले, हे ते छापखान्यात येईल त्याला सांगायचे. याच रमाबाईंना बाप्तिस्मा घेतल्यावर येशूच्या देवत्वाबद्दल शंका होत्या आणि इंग्लंडातल्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी त्यांनी पत्रांतून त्यावर कडकडून वाद घातला, हे मी नंतर वाचलं आणि मूर्खासारखं चाचांसमोरच बोललो. चाचांचे डोळे लकाकले. मामा मात्र बिलकूल गडबडले नाहीत. “म्हणूनच बाईंचं भाषांतर मला चालतं. विचारल्याशिवाय घेतलं न्हाई तिनं.”

एक दिवस चाचांनी मरियमेची गोष्ट सांगितली. मामांनी ती पूर्वी ऐकलेली नव्हती की नीट ऐकली नव्हती, कुणास ठाऊक. कळा सुरू झाल्यावर मरियम एकटीच खजुरीच्या बुंध्याला येऊन टेकते. सोबत कुणी नाही. योसेफ नाही, मेंढपाळ नाहीत. आणि ती म्हणते, याआधीच मी मेले असते तर बरं झालं असतं, विसरून गेले असते मला सगळे. तेव्हा खालून आवाज येतो, दुःख करू नको, पायाशी झरा आहे, बुंधा हलव, पिकले खजूर पडतील. चाचा अरबी म्हणत होते आणि मोडकंतोडकं मराठीत सांगत होते. मामा हातातला खिळा खणात टाकायचे थांबले.

“आमच्या लूकनं हे लिहिलं न्हाई,” ते थोड्या वेळाने म्हणाले. “बाळंतपण झालं, बाळंत्यात गुंडाळलं, गव्हाणीत ठेवलं. तिला काय वाटलं ते कुणी विचारलं न्हाई.” मामींची दोन बाळंतपणं वाईट गेली होती. चाचांना ते माहीत होतं. त्या दिवशी वाद झाला नाही.

१९८७-८८ च्या सुमारास चाचांच्या पुतण्याने आखातातून एक व्हिडिओ कॅसेट आणली. सुरतेकडे जन्मलेले, दक्षिण आफ्रिकेतले अहमद दीदात आणि अमेरिकन प्रचारक जिमी स्वॅगर्ट यांचा १९८६ सालचा जाहीर वाद. भाड्याच्या व्हीसीआरवर आम्ही तिघांनी बघितली, मी जमेल तसं मराठी करत होतो. हजारो लोक, टाळ्या, हशा. दीदात जिंकले असं बहुतेकांचं मत, माझंही. पण मध्येच चाचा उठून गेले. नंतर म्हणाले, “ते दोघं एकमेकांशी कुठं बोलत होते? लोकांशी बोलत होते.” हल्ली मोबाइलवर असल्या वादांच्या तुकड्यांचा नुसता पूर आहे. मी चाचांसारखाच मध्ये उठतो.

त्यापेक्षा मला बगदादचा वाद आवडतो. इ.स. ७८१ च्या सुमारास खलिफा अल्‌-महदीने ख्रिस्ती धर्मगुरू तिमथीला समोर बसवून दोन दिवस प्रश्न विचारले. देवाला मुलगा कसा, मरियमेच्या पोटी देव कसा, सगळं हेच. तिमथीने शेवटी एक दृष्टांत दिला. अंधाऱ्या घरात रात्री एक मोती पडला. सगळ्यांना कळलं, सगळे चाचपडायला लागले. एकाच्या हातात मोती आला, दुसऱ्याच्या हातात काचेचा तुकडा, तिसऱ्याच्या हातात मातीचं ढेकूळ, आणि प्रत्येकाला वाटतंय मोती आपल्याकडेच. उजाडल्यावर कळेल. मी हा दृष्टांत मोठ्या हौसेने सांगितला. मला वाटलं, दोघांना भिडेल, आता तरी विरघळतील.

“म्हणजे मोती एकाकडंच आहे,” मामा म्हणाले.

“एकाकडंच,” चाचा म्हणाले.

आणि दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ढेकूळ कुणाच्या हातात आहे याबद्दल त्यांचं एकमत असावं.

छापखाना पुढे ऑफसेटवर गेला आणि मग बंदच पडला. खिळे भंगारात, वजनावर. मामांनी स्वतःचं बायबल मला दिलं, डोळ्यांना दिसत नाही म्हणून. समासात पेन्सिलीने खुणा होत्या. काहींच्या शेजारी ‘चा.’ असं लिहिलेलं. चाचांचे आक्षेप.

मामा पावसाळ्यात गेले. चर्चमधलं झाल्यावर दफनभूमीत चिखलच चिखल. पाद्रीसाहेबांनी योहानाचा अकरावा अध्याय वाचला, ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’. माती घालायची वेळ आली तेव्हा मी गोंधळलो. आमच्याकडे अग्नी. किती माती घालायची, कुठल्या हाताने, काही ठाऊक नाही. चाचा पुढे झाले. टोपी नीट केली, तीन मुठी माती घातली, प्रत्येक मुठीला काहीतरी पुटपुटले. मग मला कोपराने खुणावलं, आता तू. परतताना विचारलं तेव्हा म्हणाले, “यातनंच घडवलं, यातच परत नेणार, यातनंच पुन्हा बाहेर काढणार. कुराणातलं आहे. मामाला चाललं असतं. बाहेर काढणार एवढ्यावर आमचं जमत होतं.”

दुकानात येऊन बसलो. भोपळे तसेच टांगलेले, खाली त्यांचा मुलगा तार ओढत होता. चाचांनी चहा सांगितला, तीन कप सांगितले, आणि मग एक कमी केला.

“त्या पाद्र्यानं पुढचं वाचलं न्हाई,” ते म्हणाले. “मेलेल्या लाजरसाला उठवायच्या आधी ईसा वर बघतात आणि आभार मानतात. माझं ऐकलंस म्हणून. त्याच अध्यायात आहे. मागच्या महिन्यात मी मामाला विचारलं होतं, जो स्वतः देव आहे तो आभार कुणाचे मानतो? तर म्हणाला, दमलोय, उद्या सांगतो.” ते कानशीवरचा भुसा बोटाने झाडत राहिले. “तुझ्याकडं आहे ना त्याचं पुस्तक? बघ की. काय म्हणाला असता तो?”

पुस्तक माझ्या पिशवीतच होतं. अकरावा अध्याय काढला. एक्केचाळिसाव्या ओवीशेजारी ‘चा.’ आणि बेचाळिसावीखाली पेन्सिलीची रेघ, थरथरत्या हाताची. मी बेचाळिसावी वाचली. तू माझं नेहमीच ऐकतोस हे मला माहीत आहे, पण हे जे लोक भोवती उभे आहेत त्यांच्यासाठी मी बोललो.

चाचांनी पुन्हा वाचायला लावलं. मग स्वतः पुस्तक घेतलं, बल्बखाली धरलं आणि ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

“अच्छा,” ते म्हणाले. “म्हणजे हे म्हणाला असता.” पुस्तक मिटलं, माझ्या हातात दिलं, आणि कानस उचलली. “बरं. आता यावर माझं ऐक.”